कन्नडमधली माझी पहिली प्रार्थना

२०१७ च्या जून महिन्यात आम्ही दोघं मिरजेहून अथणी तालुक्यातल्या एका गावात राहायला आलो. सगळा संसार एका छोट्या हत्तीत मावला: दोन ट्रंका, गॅस, शिलाई मशीन, पुस्तकांची तीन खोकी आणि पेटी. पाऊस होता म्हणून पेटीवर माझ्या लग्नातली रजई टाकली होती. म्हैसाळ मागं पडलं, कागवाड आलं आणि रस्त्याकडेच्या पाट्या बदलल्या. मिरजेच्या स्टँडवर कर्नाटकाच्या गाड्या मी लहानपणापासून बघत आलेय. त्यांच्यावरची ती गोल अक्षरं डोळ्यांना सवयीची होती, पण ती वाचायची वेळ कधी आली नव्हती.

मी नर्स. मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकले, तिथेच अकरा वर्षं नोकरी केली. आमचे हे सुवार्तिक, म्हणजे येशूची शिकवण लोकांना सांगणारे. ज्या संस्थेने आम्हाला पाठवलं तिची अपेक्षा साधी होती: गावात राहा, लोकांच्या अडीअडचणीला उभे राहा, प्रार्थनासभा सुरू करा, महिन्याला अहवाल पाठवा. नेमणूक कळली तेव्हा आई म्हणाली, "एवढंच ना, हाकेच्या अंतरावर तर आहे." मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या घरात मिशनरी म्हटलं की समुद्र ओलांडून आलेला माणूस. माझी आजी मिशन दवाखान्यात आया होती. डॉक्टर वॉनलेस कॅनडातले, त्यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला, ही गोष्ट आम्ही अंगाई ऐकावी तशी ऐकलेली. त्या मानाने आम्ही कुठे गेलो होतो? मधे समुद्र नव्हता, फक्त राज्याची एक सीमा होती.

आणि पहिले सहा महिने तसंच चाललं. आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी. किराणावाला मराठी बोलायचा, पिठाची गिरणीवाला मराठी, शिंपी मराठी. गावात चार मराठी ख्रिस्ती कुटुंबं होती, एक साखर कारखान्यातलं, एक शिक्षकाचं, दोन शेतमजुरांची. रविवारी आमच्या पुढच्या खोलीत उपासना व्हायची. पेटी, टाळ, मराठी भजनं, मराठी बायबल. अठरा-एकोणीस माणसं. मला फार समाधान वाटायचं. अहवालात मी लिहायची, "सभा चार, हजेरी सरासरी अठरा."

पण सकाळी मी दवाखान्याची पिशवी घेऊन निघाले की गल्ली संपता संपता माझी भाषा संपायची. गावाबाहेर उसाच्या आणि हळदीच्या शेतांत वस्त्या आहेत. इथे त्यांना तोट म्हणतात. तिथली पुरुषमाणसं बाजारापुरतं मराठी बोलतात, बायका मात्र शुद्ध कन्नड. मी दारात उभी राहिले की त्या तोंडभर म्हणायच्या, "बर्री, कूडरी." या, बसा. मी बसायची. पाण्याचा तांब्या यायचा. मग आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो आणि एवढ्यावर भेट संपायची. एका घरी सून कुशीवर पडून कण्हत होती. मी पुस्तकात वाचून गेले होते की वेदनेला नोवु म्हणतात. "नोवु?" म्हणून विचारलं. सासू बराच वेळ काहीतरी सांगत राहिली, त्यात तो शब्द एकदाही आला नाही. ती "ब्यानी, ब्यानी" म्हणत होती. होट्टि ब्यानी, म्हणजे पोटात दुखतंय. हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर सुनेला दुसऱ्या कुणीतरी अथणीला नेलं होतं. तिचं पुढे बरं झालं, पण त्या अंगणातून मी परत आले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी परमुलखात आहे.

त्या रात्री मी यांना म्हणाले, आपण इथे मराठीची एक खोली करून त्यात राहतोय.

आमचे हे पुस्तकांत रमणारे. त्यांनी मला गॉर्डन हॉल यांची गोष्ट परत सांगितली. अमेरिकेतून १८१३ साली मुंबईत उतरलेला माणूस, मराठी शिकला, त्या भाषेत बोलला, लिहिलं, आणि १८२६ साली प्रवासात पटकीने वारला. बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर आले. धारवाडकडे बासेल मिशनचे जर्मन लोक आले. त्यांच्यातल्या फर्डिनंड किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश मंगळुरात १८९४ साली छापून निघाला. १८९४! त्याच वर्षी मिरजेत दवाखाना. हा योग माझ्या मनात घर करून बसला. एका माणसाने रुग्णांसाठी खाटा मांडल्या आणि दुसऱ्याने शब्द मांडले, तेही एका जर्मन माणसाने, कन्नड लोकांच्या तोंडून एकेक वेचून. मला तर शेजारच्या घरापर्यंतच जायचं होतं.

शेजारी अव्वा राहायची. साठी ओलांडलेली, मुलगा उगारच्या बाजूला कामाला, सून आणि नात घरी. कन्नडच बोलायची, पण मिरजेला आणि कोल्हापूरला जाऊन येऊन मराठी समजायची. मी तिला म्हटलं, "अव्वा, मला कन्नड शिकवा." ती म्हणाली, "मला अक्षर येत नाही." मी म्हटलं, अक्षर मी बघते, बोलणं तुम्ही द्या.

अक्षरं मी बसस्टँडवर शिकले. वायव्य कर्नाटकाच्या गाड्यांवर गावाचं नाव फक्त कन्नडात. गाडी कुठे निघालीय ते मला कंडक्टरच्या ओरडण्यावरून कळायचंच. मग त्या नावाशी पाटीवरची अक्षरं जुळवायची. रायबाग, कुडची, चिकोडी, अथणी. "कुडची" आणि "चिकोडी" यांत क, ड आणि च तिन्ही सापडतात, फक्त जागा आणि काने-मात्रे बदलतात, हे लक्षात आलं त्या दिवशी मी बाकावर बसून बोटाने मांडीवर गिरवत राहिले. एका म्हाताऱ्याने विचारलं, काय हरवलंय का? तीन महिन्यांत मी दुकानाच्या पाट्या वाचायला लागले. काय वाचतेय त्याचा अर्थ पुष्कळदा कळायचा नाही, पण ओठ हलायचे.

बोलणं अव्वाच्या चुलीपुढे. संध्याकाळी पाच वाजता ती जोंधळ्याच्या भाकरीला बसायची. रोट्टी बडियोदु, असं म्हणतात. आमच्याकडेही भाकरी बडवतातच की! तूप ते तुप्प. अक्का आणि अण्णा तर दोन्हीकडचेच. मला वाटायचं, अर्धी भाषा तर घरचीच आहे. अव्वा तसं वाटू द्यायची नाही. पिठाचा गोळा हातात घेऊन ती एक वाक्य म्हणायची, मी म्हणायची. चुकलं की परातीवर थाप थांबायची. बोलायची काही नाही, नुसती थांबायची. मी परत म्हणायची. बरोबर आलं की थाप परत सुरू. भाकरी गोल फिरत फिरत मोठी व्हायची, तव्यावर पडायची, वरून पाण्याचा हात फिरायचा, आणि तेवढ्यात माझी दोन वाक्यं झालेली असायची. एका संध्याकाळी बारा भाकरी, म्हणजे पंचवीसेक वाक्यं. मी वहीत मराठी अक्षरांत लिहून घ्यायची. त्या वहीच्या पानांना अजून पीठ लागलेलं आहे.

शिकताना एक चूक अशी झाली की तिची आठवण आजही मला बेचैन करते. एका शेतकऱ्याला साखरेचा आजार होता. मिरजेच्या डॉक्टरांनी जेवणाआधी घ्यायची गोळी दिली होती. चिठ्ठी मी वाचून सांगितली. कन्नडात "मुंचे" म्हणजे आधी आणि "मुंदे" म्हणजे पुढे. मी एकाच्या जागी दुसरा शब्द वापरला. तो माणूस रोज निगुतीने जेवण झाल्यावर गोळी घेत राहिला. साखर उतरेना. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या बायकोशी बोलताना उलगडा झाला. मोठं नुकसान झालं नाही, पण मी घरी येऊन रडले. अकरा वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी, औषधाची वेळ चुकवली, तीही दुसऱ्या कुणाच्या हातून नाही, माझ्या जिभेने.

अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, ते पुस्तकातलं सोड. "उण्णूकिंत मोदल" म्हण. खाण्याच्या आधी. आणि "उंड म्याल." खाल्ल्यावर. त्या दिवशी तिने माझ्याकडून एवढी दोनच वाक्यं घोटून घेतली, सगळ्या भाकऱ्या होईपर्यंत. त्यानंतर मी एक नियम केला, तो अजून पाळते: औषधाबद्दल सांगितलं की समोरच्याला म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा. तो जे सांगेल तेच खरं मी सांगितलं.

बेळगावच्या एका नात्यातल्या काकांना माझं कन्नड शिकणं आवडलं नाही. सीमाभागातल्या माणसाने हे वाचलं तर त्यांची कळ त्याला कळेल. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून त्यांच्या घरी त्या तारखेला काळा दिवस पाळतात. ते म्हणाले, "मराठी सोडून त्यांच्या भाषेत देवाचं नाव घेणार?" मी वाद घातला नाही. मराठी मी सोडलेली नाही, रविवारी आजही पहिलं भजन मराठीच असतं. पण ज्या बाईच्या पोटात कळ उठलीय तिला मी आधी माझ्या भाषेत कण्हायला सांगू शकत नाही.

ऑगस्ट २०१९. कृष्णेला असं पाणी आलं की २००५ सालचा पूर बघितलेली माणसंही गप्प झाली. नदीकाठची गावंच्या गावं उठवून आणली. शाळांमधून गंजी केंद्रं उघडली. सरकारी निवारा छावणीला इकडे गंजी केंद्र म्हणतात. आमच्या गावच्या शाळेत वर्गावर्गातून सतरंज्या, पटांगणात ट्रॅक्टर आणि गुरं, व्हरांड्यात भाताचे हंडे. मी पिशवी घेऊन सकाळी सात वाजता जायची आणि रात्री परत. पायाला चिखल्या, लेकरांना जुलाब, म्हाताऱ्यांची संपलेली रक्तदाबाची औषधं. तीन दिवस मी कन्नडशिवाय काही बोललेच नाही. चुकत होतं, पण कुणाला चुका ऐकायला वेळ नव्हता. "जर बंदैती", "आराम इल्ल", "त्रास आगैती". ताप आलाय, बरं नाही, त्रास झालाय. आणि या बोलीत त्रास तो त्रासच.

चौथ्या दिवशी चौथीच्या वर्गात एक म्हातारी भिंतीला टेकून बसलेली दिसली. तिच्या हातात दाव्याचा तुकडा होता. पाणी चढायला लागलं तेव्हा म्हैस सोडून द्यावी लागली, दावं कापलं, उरलेला तुकडा हातात राहिला. तो तिने टाकला नव्हता. बोटांभोवती गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मी तिचा रक्तदाब बघितला, तळवे पुसले. तिने विचारलं, तुम्ही देवाची प्रार्थना करणाऱ्या बाई ना? कुणीतरी सांगितलं असावं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "नम्म सलुवागि देवर हत्र केळ्री." आमच्यासाठी देवापाशी मागा.

इतकी वर्षं प्रार्थना करत आलेली मी, माझ्याकडे कन्नड प्रार्थना नव्हती. कन्नड बायबलातली प्रभूची प्रार्थना पाठ केली होती, "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये" इथून सुरू होणारी. तेवढं म्हटलं आणि पुढचे शब्द आठवेनात. ग्रांथिक भाषा ती, त्या वर्गात, त्या ओल्या घोंगड्यांच्या वासात जिभेवर येईना. मग अव्वाच्या चुलीपुढे जे आलं होतं तेच बोलले. "तंदे, नीरु इळीली." बापा, पाणी उतरू दे. "मनि उळीली." घर वाचू दे. "एम्मि सिगली." म्हैस सापडू दे. आमेन.

म्हातारीने डोळे उघडले आणि म्हणाली, "अप्पा अन्री." अप्पा म्हणा. तंदे पुस्तकात असतो, घरात अप्पा. मी परत तिन्ही वाक्यं म्हटली, अप्पा म्हणून. यावेळी ती माझ्याबरोबर म्हणत होती.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती सांगायलाच हवी. मराठीत "आमचा" आणि "आपला" असे दोन वेगळे शब्द. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं की आत घ्यायचं, ते तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं. मी इतकी वर्षं मराठी उंबऱ्यांवर "आमचा देव", "आमची उपासना" म्हणत आले. कन्नडमध्ये दोन्हीला एकच शब्द, नम्म. म्हातारीने "नम्म सलुवागि" म्हटलं तेव्हा तिच्या मनात तिची माणसं होती. मी "नम्म अप्पा" म्हटलं तेव्हा माझ्या मनात माझी सवय होती. पण वर्गातल्या बाकी बायकांनी ते ऐकताना स्वतःला त्यात धरलं, आणि मला ते थांबवायचं नव्हतं.

म्हैस सापडली नाही. घराची मागची भिंत पडली. ती म्हातारी कधी आमच्या उपासनेला आली नाही, मी तिला कधी ये म्हटलं नाही. गुऱ्हाळ लागलं की तिचा नातू गुळाची एक ढेप ठेवून जातो.

त्या महिन्याच्या अहवालात सभा शून्य होत्या, कारण आमची पुढची खोली पूरग्रस्तांच्या सामानाने भरलेली होती. "नवीन जिज्ञासू" या रकान्यातही मी शून्य लिहिलं. उत्तर आलं की दोन वर्षांत वाढ दिसत नाही, मदतीचा पुनर्विचार करावा लागेल. पुढच्या वर्षी ती निम्मी झालीच. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. कागद तयार करणाऱ्यांची मनं वाईट नसतील, पण दाव्याचा तुकडा कुठल्या रकान्यात लिहायचा? मी तेव्हापासून शिवणकाम वाढवलं, हे शिकवण्या घेतात. चालतं.

२०२० साली टाळेबंदीत कागवाडची सीमा बंद झाली. आई मिरजेत आजारी, मी इकडे. पुढच्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला तपासणीचा कागद लागायला लागला. हाकेच्या अंतरावर म्हणालेली आई फोनवर म्हणायची, "तू लांब गेलीस गं." त्या दिवसांत अव्वा रोज संध्याकाळी भिंतीवरून भाकरी द्यायची आणि माझ्या आईची विचारपूस करायची. मी आईबद्दल कन्नडात बोलायला शिकले ते तेव्हा.

२०२२ साली कर्नाटकात धर्मांतराबाबतचा कायदा आला. काही दिवसांनी गावातले दोन तरुण दारात आले. तुम्ही औषधं देऊन माणसं फिरवता का, असं त्यांनी सरळ विचारलं. मी त्यांना बसायला सांगितलं आणि जे खरं तेच सांगितलं: औषधाच्या बदल्यात मी प्रार्थना घेत नाही आणि प्रार्थनेच्या बदल्यात काही देत नाही. कुणी मागितली तर करते. ते माझं कन्नड ऐकत होते. एकाने विचारलं, कुठे शिकलात? मी शेजारच्या दाराकडे हात केला. अव्वा तिथेच उभी होती. ती त्यांच्या घरातल्या मोठ्या माणसांना नावानिशी ओळखणारी. त्यांना काय म्हणाली ते सगळं मला कळलं, पण ते तिचं आणि त्यांचं बोलणं. ते चहा घेऊन गेले.

आता उपासनेला तीसेक माणसं असतात. बायबलातलं वचन आधी मराठीत, मग कन्नडात. कन्नडातलं मी वाचते. ग्रांथिक शब्द आला की थांबते आणि बोलीतला सांगते. कधी कधी मागून एखादी बाई माझ्या आधीच सांगते.

२०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, पण आधारवर इथला पत्ता हवा. माझ्या आधारवर मिरज होती, त्यामुळे अव्वाच्या शेजारी बसून मी एकटी पैसे देत होते. तिला ते सहन होईना. तिनेच मागे लागून मला पत्ता बदलायला लावला. पहिलं शून्य तिकीट हातात आलं तेव्हा तिने ते माझ्याकडून घेऊन आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवलं.

माघी पौर्णिमेला चिंचलीच्या मायाक्काची जत्रा भरते. पलीकडून सांगली-कोल्हापूरची माणसं येतात, त्या गर्दीत चार पावलांवर मराठी ऐकू येते. अव्वाचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे गेली तीन वर्षं तिच्यासोबत मी जाते. देवळात मी जात नाही, ते तिला माहीत आहे. तिने कधी आग्रह केला नाही आणि तिचं दर्शन चुकावं असं मला कधी वाटलं नाही. नात तिला धरून आत नेते. मी बाहेर लिंबाखाली तिच्या चपला, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पिशवी घेऊन बसते. ती परत आली की आधी डबा उघडतो. दोन घास भाकरी पोटात गेली की मी गोळी तिच्या हातावर ठेवते. ती हात पुढे करून म्हणते, "उंड म्याल."